पुढची साथ यायच्या आधी द्राक्ष-आंबा एक्स्पोर्टची कागदं ऑनलाइन कशी लावून ठेवायची

मार्च २०२० आठवून बघा. नाशिकचा सीझन भरात, पिंपळगाव-निफाड-दिंडोरी पट्ट्यात पॅकहाउसं रात्रीची पण चालू, आणि २५ मार्चपासून देश बंद. शेतमाल अत्यावश्यक म्हणून गाड्या हळूहळू सुटल्या, न्हावाशेवा रडतखडत का होईना चालू राहिलं, बोटी निघत होत्या. माल युरोपातल्या रॉटरडॅम बंदराकडे गेला हो, अडकले ते कागद. आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं २२ मार्चपासूनच बंद, त्यामुळे कुरियरवाला म्हणे कधी पोचेल सांगता येत नाही, बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची मालाची पावती आणि मालकीचा कागद) सही करणारा घरी, शिक्का ऑफिसात, ऑफिसला कुलूप. आणि तिकडून खरेदीदाराचा रोज सकाळी मेसेज, डॉक्स कधी?

त्या वर्षी जग डिजिटल झालं असं सगळे म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. झूमवर डिसेंबर २०१९ मध्ये रोज मीटिंगच्या १ कोटी हजेऱ्या लागायच्या, एप्रिल २०२० मध्ये तो आकडा ३० कोटींवर गेला, म्हणजे बोलणं चार महिन्यांत ऑनलाइन गेलं. आणि बिल ऑफ लेडिंग? २०२१ मध्ये सुद्धा जगातली जेमतेम १.२ टक्के बीएल इलेक्ट्रॉनिक होती. साथ तीच, इंटरनेट तेच, मग फरक कशाचा? बोलायला तिसऱ्या कुणाची मान्यता लागत नाही, कागदाला लागते. कस्टम्स, बँक, शिपिंग लाइन, तिकडचा प्लांट इन्स्पेक्टर (फळावर कीड-रोग नाही ना ते बघणारा), यातला एक जरी म्हणाला ओरिजिनल आणा की तुमचं भारीतलं सॉफ्टवेअर तिथंच बसलं. म्हणून कुठलं ॲप घ्यायचं या प्रश्नाने सुरुवात करू नका, तो शेवटी येतो. आधी विचारा की माझी पीडीएफ कोण घेणार, आणि तसं त्याने कुठे लिहून दिलंय का.

खाली जे लिहितोय ते छोट्या एक्स्पोर्टरसाठी आहे, म्हणजे सीझनला थोडे कंटेनर पाठवणारे, डॉक्युमेंटेशनला एक माणूस आणि बाकी सगळं सीएचएवर, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटवर.

आधी एक तक्ता करा

एक्सेल नको असेल तर वहीत करा, पण करा. मागच्या सीझनची एक पूर्ण फाइल काढा, एकाच कंटेनरची, आणि तिच्यात जेवढे कागद आहेत तेवढ्या ओळी. प्रत्येक कागदापुढे चार गोष्टी लिहा: सही कोणाची, ओरिजिनल कुणाच्या ताब्यात, पलीकडे ओरिजिनल नक्की कोण मागतो, आणि तो स्कॅनवर भागवेल का. चौथ्या रकान्यात ‘बहुतेक हो’ चालत नाही. ईमेल असेल तर हो, नसेल तर नाही.

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट यांचं काही नाही, ते पीडीएफवर चालतं. द्राक्षवाल्यांचं एक बरं आहे की अपेडाचं (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट हे पोर्टल २००६ पासून आहे, प्लॉटची नोंदणी, रेसिड्यू रिपोर्ट, ॲगमार्क, फायटोचा (फळावर कीड-रोग नसल्याचं सरकारी सर्टिफिकेट) अर्ज ही साखळी साथीच्या कितीतरी आधीच ऑनलाइन होती, त्यामुळे २०२० मध्ये या भागात तेवढी बोंब झाली नाही. ही सिस्टीम कोविडसाठी नव्हतीच केलेली, युरोपला कुठल्या प्लॉटचा माल आहे ते दाखवायला केली होती. ज्यांच्याकडे आधीपासून काहीतरी लावलेलं होतं ते तरले, ऐनवेळी लावायला गेलेले लटकले, हे बाकी ठिकाणीही असंच झालं.

फायटोचं मात्र लक्षात ठेवा. सर्टिफिकेट देणारा अधिकारी माल बघूनच सही करतो, तो भाग घरून होत नाही. पण ते सर्टिफिकेट पलीकडे पोचवण्याचा भाग सुटू शकतो. युरोपियन कमिशनने ३० मार्च २०२० ला एक रेग्युलेशन काढलं, क्रमांक २०२०/४६६, त्यात सरकारी सर्टिफिकेटची इलेक्ट्रॉनिक कॉपी बघून तपासणी करायला तात्पुरती परवानगी दिली, अट एवढीच की शक्य होईल तेव्हा ओरिजिनल हजर करायचं. ज्यांना हे माहीत होतं त्यांनी तिकडच्या एजंटला नियमाचा नंबरच पाठवला आणि काम झालं, ज्यांना माहीत नव्हतं ते कुरियरची वाट बघत बसले. तर धडा असा घ्या की तुमच्या प्रत्येक देशातल्या क्लिअरिंग एजंटला आत्ताच विचारून ठेवा, संकटकाळातल्या सवलती तुमच्याकडे कुठल्या वेबसाइटवर जाहीर होतात, आणि ती लिंक तक्त्याखाली चिकटवा.

बीएल, म्हणजे खरी डोकेदुखी

न्हावाशेवा ते रॉटरडॅम सुएझमार्गे साधारण तीन-चार आठवडे धरा. द्राक्ष तेवढं टिकतं, पण तिकडे पोचल्यावर ओरिजिनल बीएल नाही म्हणून कंटेनर टर्मिनलवर बसला तर डेमरेज (पडून राहण्याचा दंड), प्लग-इन चार्जेस (कंटेनर गार ठेवायच्या विजेचे पैसे) आणि वरून मालाचा देठ सुकतो. तीन वाटा आहेत, तिन्ही नीट समजून घ्या कारण फॉरवर्डर घाईत यातलं अर्धंच सांगतो.

पहिली वाट सी वेबिल. यात ओरिजिनल नावाची भानगडच नाही, कन्साइनीने (ज्याच्या नावाने माल पाठवला त्याने) ओळख दाखवली की माल मिळतो. द्राक्षात बराच धंदा मिनिमम गॅरंटीवर (किमान भाव आधी ठरवून) किंवा कन्साइनमेंटवर (विकेल तसे पैसे) जुन्या खरेदीदाराशी चालतो, म्हणजे तसंही विश्वासावरच, तिथे ओरिजिनल बीएलचा हट्ट कशाला धरायचा ते मला कधी कळलं नाही. पण वेबिल हा मालकीचा कागद नाही, तो हातात असून तुम्ही माल अडवू शकत नाही, म्हणून नवीन खरेदीदार असेल आणि पैसे आलेले नसतील तर वेबिल अजिबात नको.

दुसरी वाट टेलेक्स रिलीज. नाव जुनं आहे, टेलेक्स आता कुणी वापरत नाही, पण काम असं की ओरिजिनल तुम्ही इथेच लाइनच्या ऑफिसला परत करता आणि लाइन पलीकडच्या ऑफिसला कळवते की माल सोडा. पैसे आले की सरेंडर करायचं, तोवर बीएल तुमच्याकडे, म्हणजे दोरी तुमच्या हातात. लॉकडाउनमध्ये अडचण कुठे आली, तर सरेंडर करायला सुद्धा कुणीतरी कागद घेऊन लाइनच्या ऑफिसात जावं लागतं! म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी लाइनला विचारा की ओरिजिनल छापायच्या आधीच, फक्त ईमेलवर, सरेंडर बीएल करता का, आणि त्यासाठी लेटरहेडवर कुठला मजकूर लागतो. तो नमुना घेऊन ठेवा.

तिसरी इलेक्ट्रॉनिक बीएल. डीसीएसए नावाची शिपिंग लाइन्सची संघटना आहे, एमएससी, मर्स्क, सीएमए सीजीएम, हॅपाग-लॉइड वगैरे तिच्यातल्या नऊ मोठ्या लाइननी फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केलं की पाच वर्षांत निम्म्या आणि २०३० पर्यंत सगळ्या बीएल इलेक्ट्रॉनिक करणार. कायदाही मागून आला, सिंगापूरने २०२१ मध्ये केला, ब्रिटनचा इलेक्ट्रॉनिक ट्रेड डॉक्युमेंट्स ॲक्ट २० सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला, आणि हा ब्रिटनचा महत्त्वाचा, कारण जगातल्या पुष्कळ बीएलवर इंग्लिश लॉ लागू असं छापलेलं असतं. आपल्याकडे १८५६ चा बीएलचा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवीन आला. तरी उद्याच्या उद्या सगळं यावर टाकू नका. एक जुना खरेदीदार निवडा, त्याची आणि तुमची लाइन कुठला प्लॅटफॉर्म घेते ते विचारा, मध्ये बँक असेल तर ती घेते का ते विचारा, तिघं हो म्हणाले तर एक कंटेनर करून बघा.

आणि एकाच प्लॅटफॉर्मवर जीव टाकू नका. मर्स्क आणि आयबीएमचं ट्रेडलेन्स (शिपिंगचे कागद ऑनलाइन चालवायचा प्लॅटफॉर्म) आठवतं का, ब्लॉकचेन ब्लॉकचेन म्हणून केवढा गाजावाजा, २०१८ मध्ये सुरू झालं, साथीच्या काळात तर असं वाटत होतं की आता हेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करतोय म्हणून जाहीर केलं, कारण हेच की सगळी इंडस्ट्री एकत्र आली नाही. मर्स्कला जे जमलं नाही ते एखादा स्टार्टअपवाला तुमच्या पॅकहाउसवर येऊन दोन तासांच्या डेमोत करून दाखवत असेल तर चहा पाजा, सही नको. जे काही वापराल त्यातून प्रत्येक शिपमेंटनंतर पूर्ण फाइल पीडीएफमध्ये उतरवून स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवायची.

एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे बँकेची पैशाची हमी) धंदा असेल तर थोडक्यात: आयसीसीने (इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स) एप्रिल २०२० मध्येच सरकारांना आणि सेंट्रल बँकांना कळवलं होतं की व्यापारी कागद कागदावरच हवा हा आग्रह सोडा, आणि एलसीचे कागद ऑनलाइन सादर करायचे ईयूसीपी नावाचे नियमही आहेत, पण एलसीत ते लागू आहेत असं लिहिलेलं असेल तरच त्यांचा उपयोग. ड्राफ्ट एलसी आली की बँकेला एवढंच विचारा, इलेक्ट्रॉनिक प्रेझेंटेशन यात टाकता येईल का. बहुतेक वेळा नाही म्हणतील. मग निदान कागद सादर करायची मुदत वाढवून मागा, काहीच लिहिलं नसेल तर शिपमेंटपासून २१ दिवस मिळतात आणि साथीत ते कुरियरमध्येच संपतात.

टोकन, ओटीपी आणि भाच्याचा मोबाइल

हसू नका, सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. सरकारी बाजूने २०२० मध्ये काम खरंच भराभर झालं. डीजीएफटीने (परदेश व्यापाराचं केंद्र सरकारचं कार्यालय) ७ एप्रिल २०२० पासून बऱ्याचशा व्यापार करारांखालचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला) ऑनलाइन द्यायला घेतलं, कस्टम्सने शिपिंग बिलाची फायनल एलईओ (माल बाहेर सोडायची मंजुरी) कॉपी मे-जूनच्या सुमारास पीडीएफ करून ईमेलवर पाठवायला सुरुवात केली, आयातीचं फेसलेस असेसमेंट (समोरासमोर न येता होणारी कागदांची तपासणी) ८ जूनला बंगळुरू-चेन्नईत सुरू होऊन ३१ ऑक्टोबरपर्यंत देशभर गेलं. पोर्टल तयार, आणि आपल्याकडे डिजिटल सिग्नेचरचं टोकन कुठं, तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

तर आत्ता उठून हे बघा. डीएससी (हेच ते डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) क्लास ३ चं आहे ना, क्लास २ देणं १ जानेवारी २०२१ पासून बंद झालंय. एक्स्पायरी कधी आहे, सीझनच्या मध्यात तर येत नाही ना. एकाच्या ऐवजी दोन माणसांच्या नावाने सही लावून घ्या, दोघं वेगळ्या घरात राहणारे असावेत, कारण क्वारंटाइनमध्ये अख्खं घर बसतं. टोकनचा ड्रायव्हर दोघांच्या घरच्या लॅपटॉपवर टाका आणि प्रत्यक्ष लॉगिन करून बघा, नुसतं टाकून ठेवू नका, तो ड्रायव्हर ब्राउझर अपडेट झाला की रुसतो.

मग आयईसीचं (आयात-निर्यात कोड) प्रोफाइल उघडा आणि त्यात मोबाइल नंबर कुणाचा आहे ते वाचा. मी पाहिलेल्या कितीतरी फाइलींमध्ये तो नंबर जुन्या सीएच्या ऑफिसातल्या पोराचा नाहीतर मालकाच्या भाच्याचा असतो, ज्याने २०१६ ला फॉर्म भरून दिला होता. ओटीपी त्याला जातो आणि तो आता पुण्यात नोकरीला. नंबर आणि ईमेल दोन्ही कंपनीचे करून घ्या, माणसाचे नाही. आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये अपडेट करावंच लागतं, काही बदललं नसलं तरी, त्याच वेळी हे उरकून टाका. आइसगेटवरचं (कस्टम्सचं पोर्टल) रजिस्ट्रेशन आणि बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे घेणाऱ्या बँक शाखेचा कोड) पण तेव्हाच तपासा. नॉन-प्रेफरेन्शियल सीओओसुद्धा (कराराच्या सवलतीशिवायचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) १ जानेवारी २०२५ पासून ऑनलाइनच घ्यावं लागतं, तेव्हा चेंबरच्या ऑफिसात कागद घेऊन जायची सवय सोडायलाच लागेल.

खरेदीदार येऊ शकत नसेल तेव्हा माल कसा दाखवायचा

साथीच्या आधी मोठ्या खरेदीदारांचे क्यूसीवाले (क्वालिटी तपासणारे) जानेवारीपासून इथंच ठाण मांडून असायचे. २०२१ च्या सीझनला अर्धे आलेच नाहीत, सगळं व्हिडिओवर. पद्धत बसली आणि ती नंतरही राहिली, कारण तिकिटाचा खर्च वाचतो. पण मोबाइल फिरवून ‘सी सर, व्हेरी गुड क्वालिटी’ म्हणणं म्हणजे तपासणी नाही.

असं करा. पहिली फ्रेम लॉट नंबर आणि तारखेच्या चिठ्ठीची. मग पेटी निवडायची ती तुम्ही नाही, खरेदीदाराने, तो बोलेल ‘तिसरं पॅलेट, वरून चौथी पेटी’ आणि कॅमेरा बंद न करता तीच काढायची. काट्यावर ठेवून आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. ५०० ग्रॅमचं एक पनेट (छोटा डबा) उघडा, घड उचलून देठ कॅमेऱ्याजवळ धरा, हिरवा आहे का तपकिरी हे त्याला बघायचं असतं, मण्याची गोडी नंतर. मणी रिंगमधून काढून साइज दाखवा, मग दोन-तीन मण्यांचा रस रिफ्रॅक्टोमीटरवर (गोडी मोजायचं यंत्र), आणि साध्या यंत्राचं रीडिंग मोबाइलमध्ये दिसत नाही, पांढऱ्या-निळ्या रेघेचा नुसता धूर दिसतो, म्हणून डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर घ्या. शेवटी मण्यात टोचून पल्प टेंपरेचर, कंटेनर भरल्यावर सीलचा नंबर आणि रीफरच्या (थंड कंटेनर) डिस्प्लेवरचा सेट पॉइंट, म्हणजे लावलेलं तापमान.

प्रीकूलिंगच्या थंड खोलीत नेटवर्क मिळत नाही, त्या पॅनेलच्या भिंती सिग्नल खाऊन टाकतात. आत एक वायफाय राउटर बसवा, किंवा कॉल बाहेर आणि आतलं सलग रेकॉर्डिंग. आणि व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवून विसरू नका, तिथे क्वालिटी दाबली जाते आणि दोन महिन्यांनी क्लेम आला की कुणाचा तरी फोन बदललेला असतो. ओरिजिनल फाइल कंटेनर नंबरच्या नावाने ड्राइव्हवर, आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये एक ओळ की लोडिंगच्या वेळची व्हिडिओ तपासणी दोघांना मान्य आहे. ती ओळ नसेल तर हा सगळा उद्योग हौशीचा. कंटेनरमध्ये टाकायचा डेटा लॉगर शक्य असेल तर मोबाइल नेटवर्कवर रीडिंग पाठवणारा घ्या, यूएसबीवाला तिकडे कुणी काढून मेल करेपर्यंत क्लेमची वेळ निघून जाते.

आंब्याचं प्रकरण: जे ऑनलाइन होतच नाही

हे आंबावाल्यांनीच नाही सगळ्यांनी वाचा. अमेरिकेला आंबा जायचा तर विकिरण (कीड मारायला फळावर किरणांचा मारा) करावं लागतं, किमान ४०० ग्रे डोस. २००७ मध्ये पहिला माल लासलगावच्या कृषक केंद्रातून गेला, पुढे वाशीला पणन मंडळाचं केंद्र झालं. आणि तेव्हा अट अशी होती की केंद्रावर अमेरिकेच्या कृषी खात्याचा, यूएसडीएचा, इन्स्पेक्टर स्वतः हजर पाहिजे. २०१९-२० मध्ये १,०९५ टन आंबा गेला होता, ४३.५ लाख डॉलरचा. मग साथ आली, इन्स्पेक्टर प्रवास करू शकेना, आणि २०२० चा सीझन गेला, २०२१ चा पण गेला. फळ होतं, केंद्र होतं, गिऱ्हाईक होतं, सगळ्यांकडे झूम पण होतं!

सुटलं कसं ते बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही सरकारांचा करार झाला, आपला आंबा आणि डाळिंब तिकडे, त्यांची चेरी आणि अल्फाल्फाचा चारा इकडे, आणि त्यात ठरलं की विकिरणाच्या प्रीक्लिअरन्सची (माल निघण्याआधी इथेच होणारी मंजुरी) देखरेख टप्प्याटप्प्याने भारतीय अधिकाऱ्यांकडे द्यायची. २०२२ मध्ये आंबा परत गेला. एकही नवीन ॲप आलं नाही, फक्त देखरेख कुणी करायची हे दोन सरकारांनी बसून ठरवलं.

म्हणून त्या तक्त्यात पाचवा रकाना टाका: या टप्प्याला परदेशातून माणूस यावाच लागतो का? ऑडिटर, सर्टिफिकेशनवाला, खरेदीदाराचा टेक्निकल माणूस, कुणीही. हो असेल तर त्याच्या हेड ऑफिसला आत्ता शांततेच्या काळात विचारा की तुमचा भारतातला कुणी अधिकृत माणूस हे करू शकतो का, रिमोट ऑडिट मान्य आहे का आणि किती वेळा. उत्तर नाही आलं तर त्या बाजारावर सीझनचा किती माल टाकायचा याचा विचार वेगळा करावा लागतो. माझं मत विचाराल तर असा बाजार एकटा ठेवू नये, आखातात नाहीतर देशात दुसरं गिऱ्हाईक बांधून ठेवावं, भाव कमी आला तरी.

खातं बदललं म्हणून ईमेल आला तर

सगळं ऑनलाइन गेलं की चोरही ऑनलाइन जातात. लॉकडाउनमध्ये जो तो घरच्या लॅपटॉपवरून, फुकटच्या ईमेलवरून काम करत होता आणि तेव्हा हे प्रकार फोफावले. पद्धत ठरलेली आहे, तुमच्या मेलसारख्याच दिसणाऱ्या पत्त्यावरून, एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी टाकून, खरेदीदाराला मेल जातो की आमचं बँक खातं बदललंय, यावर पाठवा. इन्व्हॉइस तुमचीच, लोगो तुमचाच, नुसता खाते नंबर आणि स्विफ्ट कोड दुसरा. पैसे गेले की गेले. स्वतःचं डोमेन घ्या, मेलला टू-स्टेप लावा, आणि प्रत्येक प्रोफॉर्मावर खाली ठळक लिहा की खातं बदललं तर आम्ही व्हिडिओ कॉलवर तोंडाने सांगू, ईमेलवर कधीच नाही.

ड्रिल

हे सगळं लावून झालं की सीझनच्या पहिल्या एखाद्या कंटेनरला ऑफिस बंद आहे असं समजून काम करा. डॉक्युमेंटेशनवाला घरी, टोकन घरी, कुरियर नाही, मालकाने सहीला यायचं नाही. कुठे ना कुठे अडणारच, बहुतेक बँकेपाशी नाहीतर लाइनच्या काउंटरला. जिथे अडलं तिथल्या माणसाचं नाव आणि थेट नंबर तक्त्यात लिहून घ्या, जनरल हेल्पलाइनचा नाही.

बाकीची तयारी द्राक्षवाल्यांनी जुलै-ऑगस्टमध्येच उरकावी, ऑक्टोबर छाटणी लागली की कुणाचं डोकं कागदात राहत नाही, आणि आंबावाल्यांनी दिवाळीच्या आत, कारण तिकडची ऑफिसं डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुट्टीवर जातात आणि तुमच्या मेलला उत्तर यायला जानेवारी उजाडतो.